मागच्या गल्लीतला जांभळा गुंता

भिकाआप्पा कोणाच्या कानात काही सांगू लागले की ते तिसऱ्या मजल्यावर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. चाळीस वर्षं कडोदऱ्याच्या लूम कारखान्यात काढलेली. कान गेलेले, आणि हळू बोलणं म्हणजे काय ते विसरलेले. जेवताना बायकोला "डाळमा मीठ कमी शे" म्हणाले की अख्ख्या बिल्डिंगला कळायचं. गुपित सांगायला या माणसाइतका नालायक माणूस सुरतेत सापडला नसता. आणि तरी माझं एक गुपित त्यांनी अकरा वर्षं पोटात ठेवलं.

उधन्याकडची आमची बिल्डिंग सगळी खानदेशातल्या लोकांची. पुढचा दरवाजा चकाचक, रोज सडा, रांगोळी. मागे मात्र दोन बिल्डिंगांच्या मधली अरुंद गल्ली, आणि तिच्यात आम्ही सगळे खिडकीतून काय वाट्टेल ते टाकायचो. तिकडे बघायचंच नाही असा जणू ठराव झाला होता. बघायचे एकटे आप्पा. दर रविवारी लुंगी खोचून ते गल्लीत उतरायचे, झाडायचे, गटाराच्या जाळीत कोपरापर्यंत हात घालायचे. वरून कोणी म्हणालं, "आप्पा, कशाला? ही काय आपली जागा आहे?" की खालून गर्जना यायची, "मंग कोनी शे? तुन्हा घरना कचरा आठे ऱ्हास, मंग तुन्हंच घर शे हाई!"

खरं सांगते, मला ते तेव्हा विक्षिप्त वाटायचे. मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. बिल्डिंगमधली पहिली नोकरदार मुलगी! आप्पा मला जिन्यात बघून "उनी मन्ही मास्तरीन!" असं ओरडायचे, की मी लाजून पळायचे. माझे वडील तर माझं नाव निघालं की ताठ बसायचे.

त्या काळी घरोघरी बायका साड्यांचे धागे कापायचं काम करायच्या. मार्केटमधून गठ्ठे यायचे, साडीच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे कापायचे आणि माल परत द्यायचा. प्रत्येक घरी त्या आठवड्यात ज्या रंगाचा माल, त्या रंगाच्या धाग्यांचा ढीग. एका जुलैत आमच्याकडे जांभळा माल होता. सकाळी कचऱ्याची गाडी निघून गेलेली, मला शाळेला उशीर झालेला. आईनं हातात दिलेली धाग्यांची पिशवी मी खाली न नेता खिडकीतून दिली फेकून. शाळेत जाऊन मुलांना स्वच्छतेवर दहा ओळी लिहायला सांगितल्या. काय म्हणावं या कर्माला!

दोन दिवसांनी पाऊस कोसळला. गल्लीतलं पाणी जाईना, ते मागच्या दारानं तळमजल्यावर सुनंदाकाकूंच्या घरात शिरलं. पीठ, गाद्या, लेकीची दहावीची पुस्तकं, सगळं पाण्यात. काकू गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ओरडत होत्या, "कोनी करं हाई? आज त्यानं नाव समजालेच पाहिजे!" बिल्डिंगमधले सगळे गोळा झाले. आप्पांनी जाळीत हात घातला आणि ओढून काढली फाटकी पिशवी. तिच्यातून गाळानं माखलेला हातभर गुंता लोंबत होता, जवळून बघितलं तरच जांभळा कळेल असा.

तो आमच्याच घरचा गुंता होता. आप्पा दिवसभर जिन्याच्या पायरीवर बसलेले असत. कोणाकडे कोणता माल आला हे त्यांच्यासमोरूनच जायचं. त्यांनी गुंत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेजारी माझे वडील उभे होते. आता हा माणूस तोंड उघडणार, आणि सगळ्या उधन्याला ऐकू जाणार.

आप्पांनी गुंता मुठीत चुरगाळून लुंगीत खोचला आणि गरजले, "माले काय समजत नही! पानीमा बठ्ठा रंग गया!"

चाळीस वर्षं रंग ओळखलेला माणूस धडधडीत खोटं बोलला. मग कोणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी माझ्याकडे वळून दोन्ही हातांच्या चिमट्या एकमेकींजवळ आणून पीळ दिल्यासारखं केलं. लूमच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कारीगर खुणांनी बोलतात. ही खूण बिल्डिंगमधल्या पोरासोरांनाही ठाऊक होती. तार, म्हणजे धागा, तुटली; गाठ मार.

पुढच्या रविवारी मी झाडू घेऊन गल्लीत उतरले. आप्पांनी मला झाडायचा कोपरा दाखवला आणि स्वतः जाळीत हात घातला. मग दर रविवारी उतरू लागले. हळूहळू आणखी चौघी आल्या, खिडकीतून टाकणं कमी झालं. लोक माझं कौतुक करायचे, "मास्तरीनबाईंना बघा, स्वतःहून उतरतात!" आप्पा तेव्हा आभाळाकडे बघून मिश्या चोळायचे. लबाड, मजा घ्यायचे माझी!

गेल्या वर्षी आप्पा गेले. तेराव्याला सगळे बसले होते. सुनंदाकाकू म्हणाल्या, "आप्पा नंतर ही पोर. हिले कोनी सांगं नही, आपल्या मनथून उनी." मी हातातला घास ताटात ठेवला. मी म्हणाले, "काकू, तुमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा जाळीत सापडलेली ती पिशवी माझी होती. आप्पांना माहीत होतं."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मग ताट तसंच सोडून आत गेल्या.

रविवारी मी भीतभीतच उतरले. काकू जाळीपाशी उभ्या होत्या. मी झाडूला हात लावला तर त्यांनी तो ओढून घेतला. "झाडू मी मारस. गटारमा हात तू घाल."

बरोबरच होतं. अकरा वर्षं मी नुसती झाडत होते, जाळीत हात आप्पाच घालायचे. मी बाही वर केली. शी! पण घातला. हाताला काही लागलं, ओढलं, तर गाळानं माखलेला हिरव्या धाग्यांचा गुंता. दुसऱ्या मजल्यावर नवी सून खिडकीत उभी होती, तोंड पांढरं पडलेलं. हिरवा माल त्यांच्याकडेच आला होता, मी जिन्यात पाहिला होता.

"कोना शे वं?" काकूंनी विचारलं.

मी गुंता मुठीत घट्ट धरला आणि आप्पांइतक्या मोठ्यानं ओरडले, "काय की काकू! रंगच ओळखू येत नाही!"

मग वर बघून दोन्ही हातांच्या चिमट्या जवळ आणल्या आणि पीळ दिला.