उजवी पाकळी

सुर्ल्याहून निघाले त्या सकाळी बाबांनी मला आधी वाड्यावरच्या लहान देवळात नेलं. बाबा खनिजाचा ट्रक चालवायचे, पण त्या वर्षी पूजेची पाळी आमच्या घराकडे होती, म्हणून कौलही त्यांनीच लावला. देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडू परदेशाक शिकूक चल्लां. उजवी दी." उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर नाही. आई आणि मी बाहेर डोळे मिटून उभ्या. पाय दुखायला लागले तेव्हा कुठे बाबा म्हणाले, "उजवी दिल्यान. चल, गाडी चुकात." आई रडायला लागली. मी मात्र आनंदाने बॅग उचलली.

मी इथे नक्की काय शिकते ते घरी अजून कोणाला नीटसं कळलेलं नाही. इथल्या एका मोठ्या स्वीडिश दिग्दर्शकाचे जुने सिनेमे बघते आणि त्यांवर लिहिते. त्याची माणसं देवाला विचारत राहतात आणि देव गप्प बसतो. पहिल्याच सेमिनारमध्ये मी शहाणपणा केला. म्हटलं, आमच्याकडे देव उत्तर देतो, फार तर अर्धा तास लागतो. सगळे हसले. मीही हसले, पण आतून मला त्यांची कीव आली होती.

ती मिजास दुसऱ्या हिवाळ्यात उतरली. दुपारी तीनलाच अंधार. शेजारी चांगले आहेत, मान हलवून जातात. दारात सायकलवरून पाव विकणारा पोदेर येत नाही, पाव घ्यायलाही कोणाशी बोलावं लागत नाही. दिवसभर लायब्ररीत हेडफोन लावून पडद्यावरच्या लोकांची दुःखं बघायची, आणि खोलीवर आल्यावर लक्षात यायचं की सकाळपासून आपण तोंडातून शब्द काढलेला नाही. हे वाचणाऱ्यांपैकी जे घर सोडून दुबईला, लिस्बनला गेलात, त्यांना हे सांगायला नको. थीसिस अडला होता. अडला म्हणजे, एका बाईच्या चेहऱ्यावर सिनेमा थांबवून मी तासभर रडत बसले होते.

त्या रविवारी मी बाबांना म्हटलं, "परत येऊ का, देवाला विचारा. कौल लावा."

व्हिडिओ कॉलवर बाबांचा अर्धाच चेहरा दिसतो, फोन कसा धरायचा ते काही त्यांना जमत नाही. त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "चेडवा, त्या दिसा पाकळी पडूकच नाय. देव गप्पच रवलो. तुजी गाडी चुकात म्हणान मियाच सांगलंय."

मला आधी रागच आला. नारळ ठेवल्याशिवाय ट्रकची चावी न फिरवणारा माणूस देवासमोर उभं राहून देवाच्या नावाने खोटं बोलला, आणि दीड वर्ष ते एकट्याने पोटात ठेवलं. आईलाही कळू दिलं नाही.

"आता कौल कित्याक?" ते म्हणाले. "येवचा तर ये. तुजा घर आसा."

मी अजून गेलेले नाही. थीसिस पुन्हा सुरू केलाय. हे सगळं त्यात लिहिता येत नाही, तळटीप कुठली देणार? पण कोणी घर कुठे विचारलं की मी सुर्ला म्हणते, आणि मला तो गाभारा दिसतो. गाडीची वेळ झालेली, दोन्ही पाकळ्या जागच्या जागी, आणि त्यांच्याकडे बघत उभे असलेले एकटे बाबा.