माझ्या सहीचा रिपोर्ट

मी स्पीच थेरपिस्ट आहे. बावधनला एका मैत्रिणीबरोबर नऊ वर्षं एकच क्लिनिक चालवलं. सकाळी ती बसायची, दुपारी मी. गेल्या वर्षी मुळशीकडच्या चांदे गावाहून सहा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे येऊ लागली. 'क' आणि 'ग' तिला जमत नसत. काकीला ती ताती म्हणायची, गाईला दाय. बाकी बोलणं घरच्यांसारखंच, ठसक्यात: न्हाई, हाय, पानी.

शाळेने तिचा रिपोर्ट मागितला. मैत्रीण म्हणाली, मुलीचं बोलणं जसंच्या तसं टाइप कर आणि एआयला दे, चुकांची यादी तो काढतो. मी दिलं. लगेच सुबक रिपोर्ट आला. बाहेर पेशंट थांबले होते. वरवर नजर फिरवून मी सही केली. मैत्रिणीने त्याचा फोटो काढून घेतला. छान झालाय, म्हणाली.

दीड महिन्याने मुळशी धरणाजवळच्या एका रिसॉर्टवर आम्हा थेरपिस्टांचं प्रशिक्षण होतं. विषय एआयची टोकन्स, आणि व्याख्यान माझ्या मैत्रिणीचं. ती फार सोपं करून सांगत होती. आपण ध्वनी ऐकतो. मशीन लिहिलेल्या मजकुराचे तुकडे करतं, तीच टोकन्स. ओळखीचा शब्द एकदोन तुकड्यांत बसतो, अनोळखी शब्दाचा चुरा होतो. पुढे कोणता तुकडा येण्याची शक्यता जास्त, त्यावरून ते लिहीत जातं. त्यामुळे मुलाची चूक ते गुपचूप दुरुस्तही करून टाकतं.

मग तिने पडद्यावर उदाहरण लावलं. नाव खोडलेलं होतं, पण रिपोर्ट माझा होता. तातीची काकी झाली होती, दायची गाय. जिच्यावर उपचार चालले होते ती चूकच गायब. आणि न्हाई, हाय, पानी हे उच्चारदोष म्हणून यादीत. लोक हसले. शेजारची हसली म्हणून क्षणभर मीही हसले.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला गाठलं.

"तुला हे कधी कळलं?"

"त्याच दिवशी, फोटो नीट पाहिला तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"उदाहरण फार चांगलं होतं गं. आणि सही तुझी होती. मला वाटलं, तू वाचलं असशील."

मी नीट वाचलं नव्हतं. तिलाही ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी चांद्याला गेले. मुलीची आई अंगणात भांडी घासत होती. तिच्याकडून कळलं, रिपोर्ट वाचून शाळेत बाई मुलीला उभं करून 'आहे' आणि 'नाही' घोकून घेत होत्या. आता ती वर्गात तोंडच उघडत नव्हती. चूक माझी आहे, असं मी आईला सांगितलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"आमी समदी असंच बोलतो. तुमच्यापुढं बी असंच बोललो. तवा तुमी गोड हसायच्या."

मी नवा रिपोर्ट हाताने लिहिला, शाळेत जाऊन बाईंना समजावला. त्यांनी घोकंपट्टी थांबवली. मुलगी मात्र माझ्याकडे परत आली नाही.

दिवाळीनंतर आम्ही क्लिनिक वेगळं केलं. उच्चार शिकवायचा भिंतीवरचा मोठा आरसा मैत्रिणीने मागितला. तो दोघींनी मिळून आणला होता. मी दिला नाही.