अठ्ठावीस दिवसांची बियर

"आरं व्हर्लिन, बियरीत लोणी कालवतोस का काय?" गायींना घालायला बियरच्या धान्याचा चोथा न्यायला आलेल्या आर्डेलनं ट्रेलर मागं घेता घेता टोमणा हाणला. "घोट घेतला की वाटतंय, आमच्याच गोठ्यातनं पिळून आणलीया."

"तरी रोज दोन ढोसतोस न्हवं?"

"सवय हाय म्हणून! ह्या शिकागोवाल्यांनी पार वाटोळं केलं बघ. रॉनच्या हातात हुती तवा काय चव हुती!"

व्हर्लिन टॉस्ट्रूड बियर शिजवायच्या कढईतला वाफाळता चोथा फावड्यानं ओढत राहिला. विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात तेवीस वर्षं बियर तोच करत होता. लोण्याचा वास कधी शिरला ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या मालकाचा, रॉनचा, धंदा तीन राज्यांतनं अकरा राज्यांत फुगला, टाक्या अपुऱ्या पडल्या. मग जी बियर अठ्ठावीस दिवस थंडीत मुरायची, ती सोळाव्या दिवशीच बाहेर निघाय लागली, आणि मुरताना जाणारा लोण्याचा वास तिच्यात तसाच राहिला. तेव्हा मान व्हर्लिननंच डोलावली होती. आपली बाटली विमानतळावर बघायची हौस त्यालाही होतीच की. पुढं दोन वर्षांनी रॉननं कारखाना शिकागोच्या कंपनीला विकला, आणि गावानं सगळं खापर नव्या मालकाच्या डोक्यावर फोडलं.

विकताना रॉननं करारात एक पाचर मारून ठेवली होती. कंपनीनं हीच बियर आपल्या मोठ्या कारखान्यात करून दाखवायची. व्हर्लिनच्या जिभेला फरक कळला नाही तर गावातली कढई बंद. कळला तर कढई इथंच. तिच्यावर नऊ घरं जगत होती, आणि त्यातलं एक व्हर्लिनचं.

आज तीच परीक्षा होती. कंपनीच्या तपासनीस बाईंनी, डार्सीनं, तीन काळे पेले मांडले.

"दोन सारखे आहेत, एक निराळा. निराळ्यावर खूण करा."

पहिल्यात लोणी. तिसऱ्यात लोणी. मधला जिभेवर टेकला आणि व्हर्लिन जागीच थबकला. स्वच्छ, भाजलेल्या पावाच्या कडेसारखी चव. त्याची पहिल्या वर्षाची बियर! कंपनीनं त्याच्याच हातचा कृतीचा जुना कागद समोर ठेवून अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस दिवस मुरवली होती. परकी माणसं, काटछाट कुठं करायची ते त्यांना बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानं मधल्यावर खूण केली.

"बरोबर! म्हणजे तुमची चव वाचली म्हणायची," डार्सी म्हणाली. "आणि खालचा रकाना? कोणती जास्त आवडली?"

"तेवढा ऱ्हाऊ द्या बाई. चोथा गार व्हायला लागलाय."

बाहेर आर्डेलला आधीच कळलं होतं. त्यानं व्हर्लिनच्या पाठीवर असा धपाटा घातला की टोपी उडाली. "म्या म्हणतच हुतो! परक्याच्या हाताला आपली चव येतीया व्हय?"

"न्हाय येत," व्हर्लिन म्हणाला.

उरलेला चोथा त्यानं ट्रेलरमध्ये ओढला. मग भिंतीवरची पाटी बघितली. नऊ नंबरच्या टाकीला आज सोळा दिवस भरले होते. त्यानं बाटल्या भरायच्या यंत्राची नळी जोडली आणि नळ सोडला.