पेटीच्या झाकणावरचे बाबा

माझ्या धाकट्या भावाने अकोल्यात महागड्या सिगारचा धंदा काढला, याचा मला राग नव्हता. याआधी त्याने मोबाइलचं दुकान टाकलं, लग्नांत ड्रोन उडवले, जिमच्या पोरांना प्रोटीन पावडर विकली. दर वेळी त्याचा फोन यायचा, "ताई, तू पाय, यावेळी जमते." या वेळीही आला.

"साऱ्या सिगारचा जीव वरच्या पानात असते, ताई," तो सांगत होता. "आत काहीबी भरा, चव वरचं पानच देते. म्हणून आपल्या साऱ्या सिगार एकाच पानाच्या. लहान घ्या, मोठी घ्या, पान तेच."

ते पान समुद्रापलीकडून यायचं. काळसर, तेलकट, महिनोन्महिने मुरवलेलं. त्याने फोटोही पाठवले. मी शाळेत पेपर तपासत बसले होते. छान आहे म्हणून उत्तर दिलं आणि विसरून गेले.

मग धंद्याच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. अकोल्यातल्या एका मोठ्या हॉटेलात, संध्याकाळी. आई माझ्याकडे अमरावतीलाच राहते. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं आणि दुपारपासून तयार होऊन बसली. मूर्तिजापूर येईपर्यंत ती ड्रायव्हरला पोराचंच कौतुक सांगत होती.

हॉलच्या दाराशी टेबलावर लाकडी पेट्या मांडल्या होत्या. एकीचं झाकण उघडं होतं. झाकणाच्या आतून बाबा माझ्याकडे बघून हसत होते.

तो फोटो मीच काढलेला. शेंदूरजनाघाटच्या आमच्या बगीच्यात, संत्र्याची तोड चालू असताना. डोक्याला पांढरा दुपट्टा, ओठात बिडी, कोणाच्या तरी बोलण्यावर हसू आलेलं. माझ्या पहिल्या फोनवर काढलेला तो फोटो मी घरच्या सगळ्यांना पाठवला होता. भावाने त्याला तपकिरी रंग दिला होता आणि बिडीच्या जागी सिगार चिकटवली होती. तोच चेहरा बारीक करून प्रत्येक सिगारच्या कागदी पट्टीवर छापला होता.

बाजूला चकचकीत माहितीपत्रक होतं. त्यात लिहिलं होतं की या पानाची पारख कंपनीला मालकाच्या वडिलांकडून मिळाली, वऱ्हाडच्या काळ्या मातीत आयुष्य काढलेल्या त्या माणसाला पानाचा वास दुरूनच कळायचा.

बाबांनी जन्मात तंबाखूचं झाड पाहिलं नव्हतं. ते संत्री पिकवायचे आणि वरूडच्या बाजारात नेऊन विकायचे. बिड्या मात्र ओढायचे, सकाळी तोंड धुण्याच्या आधीपासून. त्या बिड्यांनीच त्यांचा गळा खाल्ला. नागपूरला ऑपरेशन झालं आणि त्यांची स्वरपेटी काढून टाकली. त्यानंतर ते मानेला केलेल्या भोकातून श्वास घ्यायचे. शेवटची वर्षं माझ्या घरी काढली त्यांनी. भोकात कफ दाटला की मशीनची नळी मी घालायची. हाक मारता येत नव्हती, म्हणून पलंगाच्या लोखंडी दांडीवर अंगठी वाजवायचे. त्या आवाजाने मी पोळी तव्यावर टाकून धावायची.

आणि वास. नाकातून श्वासच जात नसल्यामुळे त्यांना वास येणंच बंद झालं होतं. हे आधी कोणी आम्हाला समजावून सांगितलं नव्हतं. पहिल्या आंबिया बहाराला त्यांनी हट्टाने गावी न्यायला लावलं. सगळा बगीचा फुलला होता. बाबांनी एक फांदी ओढून फुलांत तोंड खुपसलं. मग दुसरी फांदी ओढली. मग माझ्याकडे वळून हाताने विचारलं, वास येतो का? मी हो म्हटलं. ते तिथेच धुऱ्याच्या बांधावर बसले आणि रडले. रडण्याचाही आवाज नव्हता, नुसती भोकातून हवा येत होती.

हे सगळं त्या टेबलाशी उभं राहून आठवत होतं, आणि समोर सफारीतला एक व्यापारी सिगार ओढत होता. बाबांचा चेहरा त्याच्या ओठांपासून चार बोटांवर. राख हळूहळू चेहऱ्याकडे सरकत होती.

आईला पेटी दिसलीच होती. तिने झाकणावरून हात फिरवला. "किती चांगले दिसून राहिले नाही?" ती म्हणाली. "दुकानादुकानात जाईल आता याहीचा फोटो."

मी भावाला गाठलं. "हे काय केलंस?"

"सरप्राइज," तो हसत म्हणाला. "थांब, पाहुणे आले." आणि गेला.

मी निघूनच जाणार होते. पण त्यानेच माइकवर पुकारलं, "माझ्या मोठ्या ताई बाबांबद्दल दोन शब्द बोलतील." टाळ्या झाल्या. कोणीतरी माझ्या हातात माइक दिला.

मी म्हणाले, "पेटीवरचा माणूस माझा बाप आहे. तो सिगार ओढत नव्हता, बिडी ओढत होता, आणि त्याच बिडीने त्याचा गळा गेला. या पत्रकात लिहिलंय की त्यांना वास दुरून कळायचा. शेवटी त्यांना स्वतःच्या बागेतल्या फुलांचा वास येत नव्हता. त्यांच्या गळ्याला भोक होतं. ते भोक मी रोज साफ करायचे. तोही फोटो माझ्याजवळ आहे, तो छापा."

एवढं होईपर्यंत भावाने माइक ओढला होता आणि कोणीतरी गाणं लावलं होतं. सफारीवाल्याने सिगार बशीत ठेवली. आई पहिल्या रांगेत पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन बसली होती, माझ्याकडे न बघता.

पार्किंगमध्ये भाऊ मागून आला. चेहरा लाल.

"काहून असं केलं तू? चार लोक बसले होते माझ्या भरवशावर!"

"बाबांना विकायला काढलंस तू. आणि तेही खोटं बोलून."

"बाबा तुह्या एकटीचे होते का?"

"नळी घालायला तर मी एकटीच होते. तू पुण्याहून दिवाळीला यायचास. पेढे घेऊन."

तो म्हणाला, "मले नाही पायवत होतं ते भोक. मले हसणारेच बाबा आठवते. तसेच आठवायचे आहेत मले."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. त्यानेच माझा राग वाढला. मलाही हसणारेच आठवायचे होते. मला ती सोय कोणी दिली नाही. मी तसं त्याला म्हणाले आणि गाडीचं दार लावून घेतलं.

आई माझ्याबरोबर परत आली नाही. खिडकीशी येऊन म्हणाली, "लोकाइसमोर पोराची इज्जत काढली तू," आणि हॉलकडे वळली. दिवाळी होईपर्यंत ती अकोल्यालाच राहिली.

बाबांचा फोटो पुढे पेट्यांवरून गेला. माझ्यामुळे नाही. भावाच्या भागीदाराला धंद्यात घरची भांडणं नको होती, म्हणून. आता तिथे फक्त एक काळसर पान छापलेलं असतं. माहितीपत्रकातलं वासाचं वाक्य मात्र तसंच आहे, वडिलांच्या जागी 'जुन्या जाणत्यांना' केलंय. धंदा बरा चाललाय म्हणतात. अमरावतीच्या एका लग्नात मला त्या सिगारचं वेगळं टेबल दिसलं, तेव्हा मी न जेवता घरी आले.

आई परतली त्या दिवशी दोघी मेथी निवडत बसलो होतो. मान खाली ठेवूनच ती म्हणाली, "तू बोलली ते खरंच होतं. पण मी ते ऐकाले नोती गेली तिथं."

मला तिच्यावर रागावताही येईना, आणि तिचं पटलं असंही म्हणवेना. भावाचा आता आठवड्याला फोन येतो. आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या का, विचारतो. मी आहेत म्हणते, किंवा संपल्या म्हणते, आणि फोन आईकडे देते.