क्लिटस हॅम्ब्रिकची काळी पेटी

आमच्या हायट्सव्हिलमध्ये अध्यक्षांच्या घरात नोकरी केलेली माणसं ढिगाने सापडतात. वॉशिंग्टन अर्ध्या तासावर, त्यामुळे कुणी तिथे भांडी घासलेली, कुणी पडदे धुतलेले, कुणी बागेत कुदळ मारलेली. त्या घराला ही मंडळी नुसतं 'घर' म्हणतात, जगात दुसरं घरच नसल्यासारखं. आणि निवृत्त झाली की यांच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही. एकाने अध्यक्षांच्या कुत्र्याला दोनदा आंघोळ घातली होती, तो तीस वर्षं तेच सांगतोय, आणि दर वर्षी तो कुत्रा थोडा थोडा मोठा होतोय. आता तर तो वासराएवढा झालाय.

क्लिटस हॅम्ब्रिक तेवढा वेगळा. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातला सुतार, ताडमाड उंच, बोलायला महाकंजूष. अध्यक्ष व्हिटबेक यांच्या कारकिर्दीत आठ वर्षं तो घरात कामाला होता. रोज सकाळी एक मोठी काळी पेटी घेऊन निघायचा आणि संध्याकाळी तीच पेटी घेऊन परत यायचा. बायकोने, म्हणजे ओपलने, पेटीत काय आहे म्हणून विचारलं की एकच उत्तर. सरकारी सामान.

आता बायकोला असं अर्धवट सांगून चालतं का? बाकीचं अर्धं ती मनाने भरते. ओपलने भरलं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले की टीव्हीवर कोपऱ्यात क्लिटसचा खांदा दिसायचा आणि पायाशी ती पेटी. ओपल चर्चमधल्या बायकांना सांगू लागली, "मी काही बोलणार नाही, माझ्यावर बंधन आहे. पण माझा नवरा अध्यक्षांपासून दहा पावलांच्या पलीकडे जात नाही आणि पेटी हातातून सोडत नाही. तुम्ही शहाण्या आहात." त्या शहाण्या होत्याच. त्यांनी सरळ अध्यक्षांच्या मागोमाग सतत फिरणारी अणुबॉम्बची पेटी ठरवून टाकली. एकदा क्लिटस कामावरून थेट चर्चच्या सहलीला आला आणि पेटी बटाट्याच्या सॅलडशेजारी ठेवून हात धुवायला गेला, तर आख्खं टेबल उठून झाडाखाली जाऊन बसलं. सॅलडला कुणी शिवलं नाही. क्लिटसने एकट्याने तीन वाट्या खाल्ल्या आणि लोकांना आज भूक कशी नाही, याचं त्याला नवल वाटलं.

पेटीत काय होतं ते मी सांगतो. पेटीत लाकडी खोका होता.

अध्यक्ष व्हिटबेक पाच फूट चार इंच होते. माणूस हुशार, आवाज खणखणीत, पण भाषणाचा पोडियम आधीच्या लांबलचक अध्यक्षांच्या मापाचा. पहिल्याच दिवशी साहेब त्याच्यामागे उभे राहिले तर समोरून नुसता भांग दिसला. त्यांनी क्लिटसला बोलावून घेतलं. पोडियम कापायचा नाही, म्हणाले, लोक म्हणतील याच्यासाठी कापला. दुसरं काहीतरी कर, आणि ते तुझ्यात नि माझ्यात राहू दे. क्लिटसने हात पुढे केला, साहेबांनी तो धरला. झालं. हॅम्ब्रिक मंडळींत हातावर दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यापायी त्याच्या आजोबांनी एका माणसाशी बावीस वर्षं अबोला धरला होता, आणि तो माणूस शेजारी राहायचा.

खोका सात इंच उंच, ओकचा. सरकवताना आवाज होऊ नये म्हणून तळाला लोकर. वर त्या त्या दालनातल्या गालिच्याचा तुकडा, म्हणजे फोटोत आला तरी जमिनीत मिसळून जाईल. निळ्या दालनाचा निळा, पूर्वेकडच्याचा वेगळा, असे सहा तुकडे. थंडीत हीटरने लाकूड सुकलं की खोका कुरकुरायचा, त्यासाठी सांध्यांत साबण. भाषणाच्या तीन मिनिटं आधी क्लिटस पाण्याचा ग्लास घेऊन पोडियमपाशी जायचा, वाकून वायर तपासल्यासारखं करायचा आणि पायाने खोका आत लोटायचा. भाषण संपून हस्तांदोलनं सुरू झाली की पोटावर सरपटत जाऊन खोका काढायचा. सव्वासहा फुटी माणसाने पोटावर सरपटायचं आणि कुणाच्या नजरेत यायचं नाही, हे खायचं काम नाही.

खोक्यामुळे त्याला एक गोष्ट कळायला लागली. मनातलं बोलताना साहेब स्थिर उभे राहायचे. मनात नसलेलं बोलताना सारखे या पायावरून त्या पायावर. भाषण झालं की क्लिटस गालिच्यावरचे टाचांचे ठसे बघायचा. आख्ख्या वॉशिंग्टनमधले वर्तमानपत्रवाले शोधायचे ते त्याला सात इंचांवर वाचायला मिळायचं. निवडणुकीच्या वर्षी त्याने दोनदा गालिचा बदलला. हेही कुणाला सांगितलं नाही.

एकदाच सगळं अंगाशी आलं. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशाचे पंतप्रधान आले होते, साडेसहा फूट उंच. आधी साहेब बोलणार, मग पाहुणे, असं ठरलेलं. क्लिटसने खोका लावून ठेवला. ऐन वेळी साहेबांना आदरातिथ्य सुचलं आणि त्यांनी पाहुण्यांना पुढे केलं. पाहुणे खोक्यावर चढले. माइक त्यांच्या बेंबीपाशी आला. बिचारे कंबरेत वाकून दोन्ही देशांच्या मैत्रीबद्दल बोलू लागले, आणि समोर साठ कॅमेरे. तेवढ्यात मागे फुलांवर देखरेख करणाऱ्या मिस इमोजीनच्या हातून भलीमोठी फुलदाणी पडली, खळ्ळकन. सगळ्या माना तिकडे वळल्या, पाहुणेही दचकून खाली उतरले. क्लिटसने झेप घातली आणि खोका बगलेत मारून पडद्याआड पसार. त्या रविवारी त्याने चर्चमध्ये डोळे मिटून देवाचे आभार मानले. मिस इमोजीनचे मानले नाहीत. उलट, बाई जरा धांदरट आहे, असं त्याचं मत झालं.

कारकीर्द संपली, वर्षं गेली, साहेबही वारले. त्यांच्या नावाने त्यांच्या गावी ग्रंथालय उभं राहिलं आणि विद्यापीठातल्या लोकांनी एक काम हाती घेतलं. त्या कारकिर्दीत राबलेल्या प्रत्येकाच्या आठवणी त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करायच्या, मंत्र्यापासून माळ्यापर्यंत. मग काय विचारता. आमच्याकडे लोक सूट इस्त्रीला टाकू लागले.

दर गुरुवारी सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात क्लिटस, मिस इमोजीन आणि घरातला जुना आचारी रूफस टॉलिव्हर पॅनकेक खायला जमायचे. रूफसचं रेकॉर्डिंग झालं होतं. सहा तास, त्यातले चार नुसत्या सूपवर. मिस इमोजीनचं दोन बैठकांत झालं. कुत्रेवाल्याचंसुद्धा झालं. क्लिटसला मात्र बोलावणं नाही. एक महिना गेला, सहा गेले, वर्ष झालं.

"काय रे, तुझं पत्र हरवलं का टपालात?" रूफस विचारायचा, आणि सिरप ओतत राहायचा.

क्लिटसला ते लागायचं. सांगण्यासारखं होतं ते सांगायचं नव्हतं, हे खरंच. तरी निदान कुणी विचारावं तरी. सगळ्यांची नावं त्या यादीत असणार, कुत्र्याचंसुद्धा, आणि आपण आठ वर्षं तिथे नव्हतोच की काय? घरी तो तासन् तास लाकडाला रंधा मारत बसायचा, काही बनवायचं नसताना. ओपलची वेगळीच तऱ्हा. तिच्या मते उशीर होणारच. अणुबॉम्बवाल्याला शेवटीच बोलावतात.

शेवटी पत्र आलं. डॉ. मेरेडिथ पॅनकॉस्ट नावाच्या प्राध्यापक बाई स्वतः घरी येणार होत्या. ओपलने ईस्टरला चर्चमध्ये घालायची टोपी काढून घातली, पीचचा गोड कॉब्लर भाजला आणि क्लिटसच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. एवढ्या वर्षांनी पेटी उघडणार होती. ती चुकवायची म्हणजे काय?

क्लिटस रात्रभर तळमळला होता. एकशे बारा माणसं बोलून झाली होती, तो एकशे तेरावा आणि शेवटचा. खोका सांगावा तर शब्द मोडला. न सांगावा तर आठ वर्षांत सांगण्यासारखं दुसरं होतं काय? नुसता ग्लास. लोक म्हणतील, हा लांबुळका पाणी आणून ठेवायचा.

मशीन सुरू झालं. क्लिटसने ओकपासून सुरुवात केली. ओक कुठला चांगला, कुठल्या महिन्यात तोडावा, मग मेपल, मग अक्रोड. सरस कसा शिजवतात. बाई नम्रपणे विचारत, "आणि अध्यक्षांच्या भाषणांच्या वेळी तुम्ही काय करायचात, मिस्टर हॅम्ब्रिक?" क्लिटस म्हणायचा, बघायचो. आणि परत सरसावर यायचा. दोन तास झाले. कॉब्लर संपला. ओपलची टोपी एका बाजूला कलली. तिसऱ्या तासाला तो दाराच्या बिजागऱ्यांवर आला तेव्हा बाईंचा धीर सुटला.

"मिस्टर हॅम्ब्रिक," त्या म्हणाल्या, "आता खोक्याबद्दल बोलूया का?"

बाईंनी स्वतःच तोंडावर हात ठेवला आणि घाईघाईने मशीन बंद केलं. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी सांगायला नको होतं, हे त्या स्वतःच चारदा म्हणाल्या.

खोका सगळ्यांना माहीत होता. एकशे बाराच्या एकशे बारा माणसांनी त्याबद्दल सांगितलं होतं. क्लिटस ग्लास घेऊन निघाला की परराष्ट्रमंत्री खिडकीबाहेर बघायला लागायचे. पहारेकरी बुटाची नाडी बांधायचे. फोटोग्राफर एकाच वेळी फिल्म बदलायला घ्यायचे, एवढी फिल्म जगात कुणी बदलली नसेल. मिस इमोजीनने ती फुलदाणी मुद्दाम फोडली होती, आणि तिच्या आवडीची होती ती. आणि रेकॉर्डिंग झाल्यावर प्रत्येकाने कागदावर एकच अट लिहून दिली होती, ही गोष्ट क्लिटस हॅम्ब्रिक हयात असेपर्यंत उघड करू नये. त्याला वाटतं कुणाला माहीत नाही, तो फार मन लावून करायचा.

क्लिटसने स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. तेच गुडघे, जे गालिच्यावर घासत तो आठ वर्षं सरपटला होता. त्याला भयंकर लाज वाटली. मग लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं आणि त्याचे डोळे भरले. एवढी मोठमोठी माणसं. रोज. त्याच्यासाठी माना वळवून उभी.

"रूफसलाही माहीत होतं?" त्याने विचारलं.

"सूपच्या चार तासांत तुम्ही दीड तास आहात," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अध्यक्षांनी स्वतःही वारण्याआधी करून ठेवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये सांगितलंय. त्यांचा आवाज माझ्याकडे आहे. ऐकवू? तुम्ही शब्दातून मोकळे व्हाल."

क्लिटसने हात वर करून त्यांना थांबवलं. "साहेबांनी सांगितलं असेल तर तो त्यांचा प्रश्न. त्यांचा खोका होता. हात मी दिला होता." मग तो सरळ बसला, शर्टाचं वरचं बटण लावलं. "मशीन सुरू करा."

बाईंनी सुरू केलं. क्लिटस मशीनजवळ वाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलला. "माझं नाव क्लिटस हॅम्ब्रिक. मी घरात सुतार होतो. मी कुठलाही खोका कधी पाहिला नाही. फुलदाणी मात्र पाहिली. मिस इमोजीन धांदरट नाहीत, हे लिहून घ्या."

बाई गेल्या. ओपल तोवर एक शब्द बोलली नव्हती, आणि हे आमच्या गावात त्याआधी कधी घडलेलं नाही. तिने टोपीची पिन काढली, टोपी मांडीवर ठेवली. तिच्या डोक्यात चर्चमधल्या बायका असणार. वर्षानुवर्षं सांभाळलेला अणुबॉम्ब एका दुपारीत हातचा गेला होता. क्लिटस मान खाली घालून बोलणी खायला तयार बसला.

पण ओपलने खुर्ची जवळ ओढली, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला.

"मी कुणाला सांगणार नाही. खरं सांग, किती उंच होता रे तुझा तो अध्यक्ष?"

क्लिटसने तिच्याकडे बघितलं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती.

"सहा फूट," तो म्हणाला. "बूट न घालता."