न मिटलेला कंस

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादरीची घडी. दोन टोकं माझ्याकडं, दोन हिच्याकडं. "आवं, काठाला काठ लावा. म्हशीचा कासरा हाय का, वढताय ते?" मी लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तेरावं झालं आणि धरणाच्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला. "आबा, सुनंदाताईंचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. उद्या पाणी सोडायचंय. आज चालला तर ठीक, नाहीतर पुण्याहून दुसरा मागवतो आणि हा डिलीट करतो."

त्या ऑफिसात मी गेज वाचायचो. म्हणजे पाण्यातल्या पट्टीवरचा आकडा बघून वहीत लिहायचा. शाळा चौथी. ही बारावी, तिथंच कॉम्प्युटरवर. पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या लोकांना मेसेज जातो, तो प्रोग्राम हिनं पर्लमध्ये लिहिलेला. पर्ल ही कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा.

हिची वही घेतली, पवनानगरला जीप बदलली आणि गेलो.

स्क्रीनवर एकच तक्रार, साहेबांनी वाचून दाखवली: मोड्यूल सापडत नाही. मोड्यूल म्हणजे दुसऱ्यानं आधीच लिहून ठेवलेलं काम. तारखा मोजायच्या, मेसेज धाडायचे, असलं. कुणीतरी लिहून फुकट ठेवलंय, आपण जोडून घ्यायचं. नव्या मशीनवर ते कुणी घातलंच नव्हतं.

"येतं का तुम्हाला?" साहेब म्हणाले.

"वाचता न्हाई येत. बघून टायपता येतं."

वहीत हिनं लिहिलेलं होतं: आधी सीपॅन, म्हणजे मोड्यूलं ठेवायचं कोठार, मग मोड्यूलचं नाव. एकेक अक्षर शोधून दाबलं. ओळी धावायला लागल्या. एकाला दुसरं लागत होतं, दुसऱ्याला तिसरं. कॉम्प्युटरनं सगळी स्वतःच आणली, तपासली, बसवली. मी हात मांडीवर ठेवून बघत राह्यलो. कुठल्या कुठल्या देशातली माणसं ती. आमची नदी त्यांना ठाऊकसुद्धा नाही.

परत चालवला. आता पर्ल म्हणालं, एक कंस मिटलेला नाही, आणि दाखवली शेवटची ओळ. साहेबांनी शेवटी कंस टाकला. प्रोग्राम चालला, पण साहेबांच्या फोनवर चाचणीचा मेसेज आला नाही.

"बघा आबा, जुनं झालंय."

"थांबा की जरा."

हिचं लिहायचं वळण ठरलेलं. कंस उघडला की पुढच्या ओळी चार जागा आत. मिटायचा कंस उघडणाऱ्या ओळीच्या बरोबर खाली. शेकड्यानं ओळी, एक वाकडी नाही. अर्थ न कळता मी नुसत्या कडा बघत खाली आलो. एका जागी ओळी बाहेर आलेल्या, पण त्याआधी मिटायचा कंसच नव्हता. तिथंच एक फोन नंबर पार डावीकडं चिकटवलेला.

"हा कुणी घातला?"

साहेब म्हणाले, "मीच. घाईत होतो."

"दिसतीय घाई."

कंस जागेवर घातला, साहेबांचा काढला, परत चालवला. साहेबांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी मेसेज वाचला. "राहू दे हा प्रोग्राम," म्हणाले.

इतकी वर्षं हिच्या शेजारी बसलो, त्या चार जागा कशाला सोडती, कधी विचारलं नाही. मोड्यूल मागवलं की येतं. वळण ज्याचं त्यानं रोज ठेवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर मेसेज आला. शब्द हिचेच: पाणी सोडत आहोत, नदीतल्या मोटारी काढून घ्या. मी उठलो, नदीवर गेलो आणि शेताला पाणी ओढणारी आमची मोटार वर काढली.