प्रत्येक दगडाला कुंकू

पाडवा जवळ आला की आमच्या घरात डोंगराचं वेड शिरतं आणि माझं डोकं फिरायला लागतं. म्हैसूरहून हुणसूरच्या रस्त्याला लागून पुढे आत वळलं की झाडीचा एक डोंगर आहे. त्याच्या धारेवर, अगदी शेवटच्या टोकाला, आमचा कुळाचा देव. देव म्हणजे शेंदूर फासलेला गुडघ्याएवढा दगड. राजाच्या फौजेत चाकरीला आलेल्या आमच्या कुणा पूर्वजानं तो तिथं बसवला. खाली रस्त्याच्या कडेला इतकी जागा होती, पण नाही. पाडव्याआधीच्या रविवारी घरातल्या थोरल्यानं पुढं चालायचं, बाकीच्यांनी मागून, आणि पुरणाचा नैवेद्य दाखवून ऊन चढायच्या आत उतरायचं, अशी आमची रीत.

या दिवसांत तो डोंगर चढण्यासारखा नसतोच. सागाची ताटाएवढी पानं गळून वाट त्यांच्याखाली गडप झालेली असते. पानांखाली बारीक मुरूम, त्यामुळं पाय कुठं टेकेल आणि कुठं सटकेल याचा नेम नाही. सावली हवी तेव्हाच झाडं उघडीबोडकी. घाणेरीची झुडपं हात ओरबाडतात, गोचीड पायजम्यात शिरतात. पळस फुलला होता हे मान्य, पण घसरणाऱ्या माणसानं फुलं कधी बघायची? पायथ्याच्या चौकीवर गार्डनं वणव्याच्या भीतीनं आमच्या पिशव्या उपसल्या आणि काडेपेटी काढून घेतली. त्याचं बरोबरच होतं. म्हणजे एवढं तडफडत जाऊन यंदा देवापुढं दिवासुद्धा लागणार नव्हता.

एरवी मी टाळायचो, तरी यंदा गेलो, कारण ती वाट फक्त माझ्या वडिलांना, अप्पांना ठाऊक होती आणि अप्पांचं डोकं त्यांना सोडून चाललं होतं. गुडघे अजून ठणठणीत, पण सकाळी जेवले की नाही ते दुपारी आठवत नाही. विसर वाढत जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "यंदा तुला वाट दाखवून ठेवतो," अप्पा म्हणाले. यंदा कळली नाही तर ती कायमची गेली, हे मलाही कळत होतं.

बरोबर आत्या होती, अप्पांची धाकटी बहीण. ती लहानपणापासून दरवर्षी त्यांच्या मागून हा डोंगर चढत आलेली.

अप्पांची पद्धत साधी होती. जिथं वाट फुटते तिथं बरोबर बाजूच्या दगडाला कुंकवाचं एक बोट लावायचं, म्हणजे उतरताना चुकायला नको. पण आत्याला म्हैसूरच्या चामुंडी डोंगराच्या पायऱ्यांची सवय. तिथं बायका पायरीपायरीला हळदकुंकू लावत चढतात, तशी ही इथंही दिसेल त्या दगडाला कुंकू लावत सुटली. वाटेतला दगड, वाटेबाहेरचा दगड, कशाला म्हणून सोडला नाही.

"आत्या, सगळ्यांनाच लावल्यावर खूण राहिली कुठं?"

"सुम्ने चल रे," ती म्हणाली. गप चल म्हणायला आमच्या घरात कन्नडच लागते.

वर तिची अखंड बडबड, अप्पांना ती अण्णा म्हणते. "अण्णा, डाव्या अंगानं चला, सावली आहे." सावली! अख्ख्या डोंगरावर छत्रीएवढी सावली नव्हती. माझी सहनशक्ती संपली. मी रुमाल ओला केला आणि तिच्या मागून एकेक दगड पुसत निघालो. अप्पांची बोटं तेवढी ठेवली, बाकी सगळं साफ. देवापर्यंत माझा तोच उद्योग चालला.

उतरताना अप्पा पुढं होते. अर्ध्या वाटेवर, जिथं लहान मूलही चुकणार नाही अशा सरळ धारेवर, ते एकदम थांबले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पानांत मटकन खाली बसले.

"इथं कुंकू नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून, परक्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "तुम्ही या बाजूचेच काय? आम्ही चुकलोय."

मी त्यांना उठवायला वाकलो.

आत्यानं माझ्या हातातला लाल झालेला रुमाल बघितला. मला चार पावलं बाजूला नेलं.

"तू पुसलंस होय रे?"

"खूण राहावी म्हणून पुसलं."

"दोन वर्षं झाली, अण्णांना वाट येत नाही. चढताना मी मागून सांगते. ही सावली, तो वारा, असं काहीतरी. उतरताना जिथं बघतील तिथं लाल दिसलं की त्यांना वाटतं, आपण बरोबर आहोत. अष्टे." एवढंच, म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसलं.

मला स्वतःची इतकी लाज वाटली की आत्याकडं बघवेना. तिच्या हातातला करंडा घेतला आणि थोरल्याच्या पुढं चालायचं नाही ही रीत मोडून पुढं झालो. मोठा दगड, बारका दगड, सागाचं खोड, हाताला येईल त्याला कुंकू लावत गेलो. मागून पानं वाजली. अप्पा उठले होते.

"हां, हीच वाट, अल्लवा? हीच ना?" त्यांचा आवाज पुन्हा थोरल्याचा झाला होता. "नीट बघून ठेव. पुढच्या वर्षी तू पुढं."

"होय अप्पा, कळली मला."

साफ खोटं होतं ते. चढताना सगळा वेळ मान खाली घालून मी कुंकू पुसत होतो. कुठं वळलो, कुठून चढलो, मला काहीच ठाऊक नव्हतं.

"अरे, उजवीकडं जा," आत्या मागून म्हणाली, "तिकडं सावली आहे."

मी उजवीकडं वळलो.